धरमतरची मोटार आणि माँटगोमेरीची बस



धरमतर हे नाव आज आपल्यापैकी बहुतेकांना वडखळहून अलिबागकडे जाताना लागणाऱ्या खाडीपुलापुरतेच ठाऊक असते. खाली अंबा नदीची खाडी, तीत माल वाहणारे बार्ज, जवळच डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुराडी आणि वडखळ नाक्यावर खोळंबलेल्या गाड्या. एवढ्यात आपले धरमतर संपते. परंतु जुन्या कुलाबा जिल्ह्यात धरमतर म्हणजे मुंबईहून कोकणात उतरण्याचे दारच होते. मुंबईच्या धक्क्यावर बोटीत बसायचे, धरमतरला उतरायचे आणि तिथून मोटारीने पेण, नागोठणे, माणगाव करीत महाड गाठायचे. गिरणीत, गोदीत कामाला असलेली आपली माणसे शिमग्याला नि लग्नसराईला याच वाटेने गावी येत असत.

१९२७ सालच्या डिसेंबरात चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी बाबासाहेब मुंबईहून निघाले तेव्हा मात्र त्यांनी ही सोयीची वाट सोडली. धरमतरवरून न जाता ते आणि त्यांचे सहकारी २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ बोटीने निघून समुद्रमार्गे सावित्रीच्या खाडीवरील दासगाव बंदराला २५ तारखेच्या दुपारी उतरले. एवढा वळसा कशासाठी? तर धरमतरला मोटारवाल्यांनी बहिष्कार घालून गाडीत घ्यायचे नाकारले तर पुढचे पन्नास मैलांच्या वरचे अंतर तोडायचे कसे, हा प्रश्न होता. दासगावहून महाड पाच मैल. मोटार मिळाली नाही तर पाय आहेतच! आणि झालेही तसेच, दासगावला वाट पाहत थांबलेले हजारो सत्याग्रही रांगा धरून, घोषणा देत महाडपर्यंत चालत गेले.

आपल्या भाषणांतून चवदार तळे येते, मनुस्मृतीची होळी येते, ती यायलाच हवीत. पण ही न पकडलेली मोटार कुणी सांगत नाही. आम्हांला तीही तेवढीच महत्त्वाची वाटते. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, मुंबई कायदेमंडळाचा सभासद असलेला बॅरिस्टर प्रवासाचा बेत आखताना आधी हे मोजतो की गाडीवाल्याने खाली उतरवले तर चालत जाता येईल ना! अस्पृश्यता म्हणजे काय, हे समजायला याहून साधा हिशेब मिळणार नाही.

बाबासाहेबांना हा हिशेब पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. १९०१ साली लहानगा भीम आपल्या भावंडा-भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर उतरला होता. मुलांची जात कळताच बैलगाडीवाले मागे सरले. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर एक गाडी मिळाली, गाडीवान बाजूने चालत राहिला आणि रात्रभर मुलांना पाणी मिळाले नाही. पुढे १९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला, म्हणून आपल्याच वस्तीतल्या, टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाने लगाम हाती घेतले, आणि मोरीच्या पुलावर टांगा उलटून बाबासाहेबांचा पाय मोडला. ते तोपर्यंत मोठे पुढारी झाले होते, तरी टांगेवाल्यांना त्याचे काय! बाबासाहेबांनी या दोन्ही आठवणी स्वतःच लिहून ठेवल्या आहेत. मसूर आणि चाळीसगाव यांच्या मध्ये धरमतर ठेवून पाहा, म्हणजे बोटीचा वळसा नीट कळेल.

आता महाडात काय वाट्याला आले ते पाहू, आणि विशेषतः चुलीच्या बाजूने, कारण हे पान घरचे आहे. त्याच वर्षी १९ आणि २० मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, तेव्हा परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. तळे समोर, नगरपालिकेने ते सर्वांना खुले केल्याचा ठराव केलेला, आणि पाणी विकत! २० मार्चला लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर देवळात शिरणार असल्याची आवई उठवून गुंडांनी मंडपावर हल्ला केला, तेव्हा माणसांबरोबर जेवणावरही राग काढला. शिजवलेले अन्न मातीत कालवले, भांडी चेपली. डिसेंबरात महाडचे व्यापारी काही विकणार नाहीत हे ओळखून धान्यधुन्य बाहेरून आणून ठेवावे लागले, मंडपाला जागा मिळेना ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली.

२५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हे आपल्याला ठाऊक आहेच. सनातन्यांनी दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणल्यामुळे तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब झाला. तो दावा पुढे दहा वर्षे चालून १९३७ साली मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने संपला.

पण परिषद उठण्यापूर्वी बाबासाहेबांनी आणखी एक सभा घेतली, ती फक्त बायांची. तिथे त्यांनी जे सांगितले त्याचा मथितार्थ आपल्या जुन्या घरांत तोंडपाठ असे. संसारातली अडचण नवराबायको मिळून सोडवतात, तशी समाजाची अडचणही दोघांनी मिळून सोडवावी लागेल. किंबहुना हे काम पुरुषांपेक्षा तुमचे अधिक आहे. गुडघ्यापर्यंतचे लुगडे नेसू नका, घोट्यापर्यंत नेसा. कोपरापर्यंत चढवलेले कथलाचे नि चांदीचे दागिने ही तुमच्या जातीची पाटी आहे, ती उतरवा. मेलेल्या जनावराचे मांस घरात शिजू देऊ नका. नवरा वा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला वाढू नका. मुलींना शाळेत घाला. त्या बायांनी हे ऐकून घेऊन घरी जाऊन विचार केला असे झाले नाही. टिपणीस आणि चित्रे या कायस्थ घरांतील बायांनी नेसून दाखवले आणि आपल्या माताभगिनींनी तिथल्या तिथे लुगडी घोट्यापर्यंत सोडली.

कॉलेजात जाणाऱ्या आमच्या पुतण्या-भाच्या आता विचारतात, की स्वाभिमानाचा भार बाईच्याच लुगड्यावर का? कुणी कसे नेसावे हे पुरुषाने व्यासपीठावरून का सांगावे? प्रश्न रास्त आहे आणि तो विचारता येतो हेही महाडचेच फळ आहे. आमचे म्हणणे एवढेच, की गुडघ्यावरचे लुगडे ही त्या बायांनी निवडलेली तऱ्हा नव्हती. लांबूनच जात ओळखू यावी म्हणून गावाने घातलेला तो दंडक होता. नेसण्याची तऱ्हा बदलली की गावातल्या विहिरीपासून बाजारापर्यंत ती बाई एकटीच अंगावर राग घेणार होती. पुरुष मंडपात घोषणा देऊन परतला, तर बाईला दुसऱ्या दिवशी त्याच लुगड्यात पाटलाच्या दारावरून शेतावर जायचे होते. त्यामुळे तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब झाला असेल, हा मात्र झाला नाही.

इथून आम्ही वाचकांना जरा दूर नेणार आहोत. अमेरिकेच्या दक्षिणेत अलाबामा नावाच्या राज्यात माँटगोमेरी हे शहर आहे. तिथल्या शहर बसमध्ये पुढची दहा आसने गोऱ्यांची असत. कृष्णवर्णीय उतारूने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचे, आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचे. तेवढ्यात ड्रायव्हरने बस सोडली तर पैसे गेले. कपड्याच्या दुकानात टोपी डोक्यावर घालून पाहायची नाही, पाण्याचे नळ निराळे. आपल्या वाचकांना यातले काही नवे वाटू नये. ज्योतिबांनी १८७३ सालीच ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले होते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकले ते हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीच्या शेजारी, आणि १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉय या तिथल्या विद्वान पुढाऱ्याला पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली. डुबॉय यांचे उत्तरही आले. १९७२ साली आपल्या तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतले ते तिकडूनच.

तर १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स नावाच्या बेचाळीस वर्षांच्या बाईने गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला नकार दिला आणि तिला अटक झाली. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांतही येते. पण ती सांगितली जाते ती अशी, की एक दमलेली शिवणकाम करणारी बाई घरी चालली होती, तिला कंटाळा आला, ती उठली नाही. हे खरे नव्हे. ती कपड्याच्या मोठ्या दुकानात शिवणकाम करीत होती हे खरे, पण कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेची ती वर्षानुवर्षे सेक्रेटरीही होती. तिच्याआधी त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कॉल्व्हिन या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीला याच गुन्ह्यासाठी बसमधून ओढून नेले होते. पुढाऱ्यांनी तिचे नाव पुढे केले नाही. ती लहान, गरीब घरची, वर्णाने जास्त काळी, आणि पुढे तिला दिवस गेले. अशी मुलगी लढ्याचा चेहरा म्हणून चालणार नाही असे ठरले. तिच्या कागदावरचा गुन्हा पुसला गेला तो २०२१ साली, ती ऐंशी ओलांडल्यावर!

रोझाला अटक झाली त्या रात्री पुढारी अजून विचारच करीत होते. जो अ‍ॅन रॉबिन्सन या इंग्रजी शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने मात्र कॉलेजच्या चक्रमुद्रण यंत्रावर रात्रभर हजारो पत्रके छापली आणि सकाळी आपल्या महिला मंडळाच्या बायांकरवी ती शाळांतून, दुकानांतून, केस विंचरण्याच्या पार्लरमधून वाटली: सोमवारी बसमध्ये बसू नका. या बाईने दीड वर्ष आधी, १९५४ च्या मे महिन्यात, महापौरांना पत्र लिहून बसवर बहिष्कार पडू शकतो असे बजावले होते. म्हणजे बायांची तयारी कधीचीच झाली होती. सोमवार ५ डिसेंबरला बस रिकाम्या धावल्या आणि तशाच ३८१ दिवस धावल्या. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बाया मैलोन्‌मैल चालत कामावर गेल्या. तिकडे बसवाल्यांनी आपल्या लोकांना नाकारले नव्हते, मागे बसवून पैसे घेतले होते. म्हणून आपल्या लोकांनीच बसला नाकारले. धरमतर उलटे करून पाहावे तसे.

बहिष्कार एवढे दिवस चालायचा तर पैसा लागतो. लोकांना नेण्या-आणण्यासाठी शेकडो मोटारी चालवल्या जात होत्या, त्यांना पेट्रोल लागे. इथे जॉर्जिया गिल्मोर या आचारीणबाईंची आठवण काढल्याशिवाय आम्हांला पुढे जाववत नाही. सहा लेकरांची ही आई एका खानावळीत कामाला होती. तिने शेजारच्या बाया जमवल्या, घरोघरी तळलेली कोंबडी, मासे, केक, पाय करायचे, ते विकायचे आणि दर सभेला पैसे आणून ओतायचे. पैसे कुठून आले असे कुणी विचारले तर सांगायला मंडळाचे नावच त्यांनी ‘कुठूनच नाही’ अशा अर्थाचे ठेवले, कारण नाव कळले असते तर त्यातल्या प्रत्येकीची गोऱ्या घरातली नोकरी गेली असती. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर खटला भरला तेव्हा गिल्मोरबाईंनी कोर्टात उभे राहून बस ड्रायव्हरविरुद्ध साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेलीच. मग किंग यांनीच त्यांना घरच्या स्वयंपाकघरात खानावळ काढायला लावले आणि पुढे स्वतः तिथे जेवायला येत राहिले.

आणि शेवटी बस खुली झाली ती कुणामुळे? भाषणे किंगसाहेबांची झाली, ती मोठीच होती. पण कोर्टातला दावा जिंकला तो चार बायांनी: ऑरेलिया ब्राउडर, सत्तरी ओलांडलेल्या सूझी मॅक्डोनाल्ड, अठरा वर्षांची मेरी लुईस स्मिथ आणि तीच, बाजूला सारलेली क्लॉडेट कॉल्व्हिन. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांच्या बाजूचा निकाल कायम केला. योगायोग असा, की आपल्याकडे अस्पृश्यतेचे गुन्हे ठरवणारा कायदा १ जून १९५५ पासून लागू झाला, म्हणजे रोझा पार्क्स यांच्या अटकेच्या सहा महिने आधी, आणि सार्वजनिक वाहनात बसू न देणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. धरमतरच्या मोटारवाल्याला कायद्याने हात घालता आला तो असा, अठ्ठावीस वर्षांनी. तोपर्यंत रस्त्यावर एस.टी. आलीच होती. एस.टी.ने पुढे काय केले हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण गावातल्या मुलीला हायस्कूलपर्यंत नेण्याचे काम लाल गाडीने जेवढे केले तेवढे कुणी केले नाही असे आमचे स्पष्ट मत आहे. २०२३ च्या मार्चमध्ये बायांना अर्धे तिकीट लागू झाल्यावर जी टिंगल झाली ती करणाऱ्यांनी एकदा मसूरच्या बैलगाडीची गोष्ट वाचावी.

माँटगोमेरीत बहिष्काराच्या पहिल्या रात्री चर्चमध्ये प्रचंड सभा झाली. रोझा पार्क्स व्यासपीठावर होत्या. मी बोलू का, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की तुम्ही पुरेसे सोसले आहे, बोलण्याची गरज नाही. १९६३ च्या वॉशिंग्टनच्या विराट मोर्चातही मुख्य भाषणांत एकाही बाईचे भाषण ठेवले नव्हते. वर्णाविरुद्ध लढणारे लोक बाईला मागच्या आसनावर बसवून मोकळे झाले.

आपण याला हसू नये. आपल्याकडे १९४२ साली, २० जुलैला, नागपूरला अस्पृश्य महिलांची स्वतःची परिषद भरली होती. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे, हजर बाया सुमारे पंचवीस हजार. घटस्फोटाचा हक्क हवा, एका पुरुषाला अनेक बायका नकोत, कामगार बायांना रजा हव्यात, असे ठराव त्यांनी केले. हिंदू कोड बिलावरून बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले ते त्यानंतर नऊ वर्षांनी. १९९६ च्या डिसेंबरात चंद्रपूरच्या विकास वंचित दलित महिला परिषदेत, मनुस्मृती जाळली तो २५ डिसेंबर भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा असा प्रस्ताव पुढे आला. एवढी थोर परंपरा असताना आमच्या पाहण्यातले चित्र काय? जयंतीच्या वर्गणीला दारोदार बाया. वंदनेला विहारात बाया. भोजनदानाचे पातेले घासायला बाया. पत्रिकेवर मात्र प्रमुख पाहुणे, विशेष अतिथी, स्वागताध्यक्ष, सूत्रसंचालक अशी वीस नावे आणि तळाला एक ओळ: ‘महिला मंडळाचे सहकार्य’. त्या महिला मंडळात नावाच्या बाया नाहीत काय? हे लिहिल्याबद्दल काही कार्यकर्ते आमच्यावर रागावतील. रागवावे, आणि पुढच्या पत्रिकेत नावे छापावीत.

महाडच्या वृत्तान्तातही हेच झाले आहे. बोटीचे नाव आहे, जागा देणाऱ्याचे नाव आहे, दासगावला भेटलेल्या गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे नाव आहे. त्या रात्री लुगडे सोडणाऱ्या आपल्या बायांची नावे त्यात सापडत नाहीत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी गावोगाव जाऊन चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांना बोलते केले, त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या, त्यातून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झाले. ते नसते तर आज आपल्या हाती फारच थोडे उरले असते. पण दोघी बाया किती घरांत जाणार?

महाडला गेलेल्या बाया आज हयात नाहीत. त्यांच्या सुना नि लेकी मात्र पेण, रोहा, माणगाव, महाड, पोलादपूर इकडे आणि मुंबईच्या चाळींत ऐंशी-नव्वदीत आहेत. सासू सांगायची, आमची बय सांगायची, असे त्यांच्या तोंडून अजून निघते. आणखी काही वर्षांनी निघणार नाही. यंदा २५ डिसेंबर येण्याआधी प्रत्येक घरातल्या एका लेकीने वही घेऊन आजीजवळ बसावे, असे आम्ही सुचवतो. फोनवर आवाज भरून घेतला तरी चालेल, पण वहीत लिहावेच. महाडला कोण गेले होते, पायी की बोटीने, बरोबर शिदोरी काय होती, परत आल्यावर गावाने काय केले, कथलाचे दागिने कुठे टाकले. कुणी गेलेच नसेल तर गुडघ्यावरचे लुगडे घरात पहिल्यांदा कुणी सोडले ते विचारा. लग्नात सुनेचे नाव बदलण्याची चाल आपल्याकडेही होती, त्यामुळे एकाच बाईची दोन नावे निघतील. माहेरचे कुणाला आठवत नसेल तर तिच्या भावकीत जाऊन विचारा, आणि दोन्ही लिहा.